सांधा

घड्याळाविषयी माणसं बोलतात तेव्हा काट्यांविषयी बोलतात. ते पुढे जातं की मागे राहतं, रोज चावी द्यावी लागते की सेल घालावा लागतो, एवढं विचारून झालं की चौकशी संपली. घड्याळाला हातावर धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं किंवा चेनचं कौतुक झालं तर ते रंगरूपापुरतं. आणि त्या चेनला घड्याळाशी धरून ठेवणाऱ्या दोन बारीक दांड्या तर बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेल्याही नसतात. गेल्या वर्षापर्यंत मीही पाहिल्या नव्हत्या.

माझ्या हातावरचं घड्याळ आजोबांचं आहे. एचएमटी कंपनीचं, चावीचं, तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ असं लिहिलेलं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला एचएमटीने घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढची पंचवीसेक वर्षं हिंदुस्थानातल्या मध्यमवर्गाच्या आणि कामगारांच्या मनगटांवर त्याच घड्याळांचं राज्य होतं. लग्नात जावयाला द्यायचं ते एचएमटी, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हातात ठेवायचं तेही एचएमटी.

आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी आता राहिली नाही. पण आजोबांच्या काळी भोंगा वाजला की आमच्या वस्तीतल्या चुली पेटत आणि भोंगा वाजला की डबे निघत. अशा माणसाला स्वतःचं घड्याळ कशाला लागावं? तरी १९७८ साली पैसे साठवून त्यांनी ते घेतलं. आजी म्हणते, ते सगळ्यांना एकच सांगत, “भोंगा मालकाचा, घडी आपली.”

सुरुवातीला त्याला चामड्याचा पट्टा होता. पण नागपूरचा उन्हाळा चामड्याला मानवत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर चढला की घामाने पट्टा आधी काळा पडतो, मग कडक होतो आणि एके दिवशी भोकापाशी तुटतो. दोन उन्हाळ्यांत दोन पट्टे गेल्यावर आजोबांनी स्टीलची चेन बसवून घेतली. ती त्यांच्या हातावर शेवटपर्यंत राहिली.

आजोबा गेले आणि मी कॉलेजात आले, तेव्हा आजीने ते घड्याळ मला दिलं. चेनचं लॉक तुटलं होतं. म्हणून बाबांनी बाजारातल्या एका दुकानातून नवी चकचकीत चेन बसवून आणली आणि जुनी कागदात गुंडाळून ठेवली. पाच मिनिटांचं काम. घड्याळ आणि चेन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी थोडी फट दिसत होती. हात हलवला की कुळकुळ आवाज येई. “चालते न,” दुकानदार म्हणाला होता. “चालते न,” बाबाही म्हणाले. नागपुरात या दोन शब्दांपुढे कोणाचा वाद चालत नाही.

तीन आठवड्यांनी सीताबर्डीला बसमधून उतरताना एका बाजूची दांडी निसटली. घड्याळ घरंगळलं ते नशिबाने ओढणीत अडकलं. रस्त्यावर पडून चाकाखाली गेलं असतं तर? त्या रात्री आजी काही बोलली नाही. तिने घड्याळ हातात घेतलं, बराच वेळ कानाशी धरलं आणि उशाशी ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही चेन घेऊन महालात एका वयस्क घड्याळजींकडे गेले. काचेची पेटी, वर एक दिवा आणि डोळ्याला भिंग, एवढंच त्यांचं दुकान. त्यांनी नवी चेन पाहिली आणि विचारलं, “ही कोणी लावून दिली? ही या घडीची नाहीच बेटा.”

मग त्यांनी मला जे दाखवलं ते आमच्या कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं. घड्याळाच्या डब्याला वर दोन आणि खाली दोन असे चार कान असतात. त्या कानांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर म्हणजे चेनचं माप. माझ्या घड्याळाचं ते अठरा मिलिमीटर होतं आणि बसवलेली चेन सोळाची. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. पण दांडीही सोळाचीच घातली होती. ही दांडी म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीची पोकळ नळी. आत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकांना बारीक खुंट्या. खुंट्या आत दाबून दांडी कानांमध्ये सरकवायची आणि सोडायची, की त्या आपोआप कानांच्या भोकांत जाऊन बसतात. दांडी आखूड असेल तर खुंटी भोकात पुरती शिरत नाही, नुसती टेकून राहते. लांब असेल तर स्प्रिंग सदा दबलेली राहते आणि दांडी वाकू शकते. पाण्याखाली वापरायच्या काही जपानी घड्याळांत हीच दांडी अडीच मिलिमीटर जाडीची घालतात, कारण तिथे ती निसटली तर घड्याळ थेट समुद्राच्या तळाशी.

काका म्हणाले, पूर्वी हा खटाटोप नव्हता. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढायला फुरसत मिळेना, म्हणून घड्याळं मनगटावर आली. तेव्हा कानांच्या जागी तारेच्या कड्या डाग देऊन पक्क्या केलेल्या असत आणि त्यांतून पट्टा ओवायचा. ते पक्कं खरं, पण पट्टा बदलायचा झाला तर पंचाईत. स्प्रिंगच्या दांडीने ती पंचाईत सोडवली. मात्र आता माप चुकवण्याची सोय झाली.

दुसरी गोष्ट चेनच्या टोकाच्या कडीची. घड्याळाचा डबा गोल आणि चेनचं टोक सरळ असेल तर मध्ये अर्धचंद्रासारखी फट राहते. तिच्यात घाम, धूळ नि हातावरचे केस अडकतात. डब्याच्या गोलाईला जुळणारी वाकडी कडी असेल तर घड्याळ आणि चेन एकजीव दिसतात. पण अशी कडी ज्या डब्यासाठी केली त्यालाच बसते. शेजारच्या घड्याळाला अठराचं माप असूनही बसेलच असं नाही. आजोबांच्या जुन्या चेनच्या कड्या मात्र डब्याला अचूक बसत होत्या. “चेन हीच लागते याले,” काका म्हणाले. “फक्त लॉक पाहा लागते.”

पण लॉक सहज मिळेना. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता जुन्या मालातून, मोडीत निघालेल्या घड्याळांतून भाग शोधायचे. काकांनी दोन आठवडे मागून घेतले आणि खरोखरच एका जुन्या चेनचं लॉक काढून ठेवलं. नव्या दांड्या अठराच्या आणल्या. आता उरलं एकच काम. आजोबांचं मनगट जाड, माझं बारीक. चार कड्या काढाव्या लागणार होत्या.

घरी हे सांगितलं आणि आजी एकदम उठून बसली. “काऊन काढून राहिली तू? त्यांच्या हाताचं माप आहे ते. त्यातलं काही कमी करायचं नाही.”

काय बोलावं मला सुचेना. मला ते कमी करणं वाटलंच नव्हतं. आजीला मात्र आजोबांच्या हातातूनच काही काढून घेतल्यासारखं वाटत होतं. घड्याळ सैल घालून पुन्हा कुठेतरी गमवावं, की तिचं मन मोडावं?

शेवटी मी तिलाच रिक्षात बसवून महालात नेलं. काकांनी तिला स्टूल दिलं आणि चेन उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले होते. बाणाच्या दिशेने ठोकलं की पिन बाहेर येते आणि उलट दिशेने घातली की पुन्हा बसते. “आजी, हे कापत नाही आपण. सोडवतो. उद्या पाहिजे तर चारही कड्या परत लागतात.” आजीने एक पिन हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, “करा.”

दोन कड्या एका बाजूने आणि दोन दुसऱ्या बाजूने, म्हणजे लॉक मनगटाच्या मधोमध राहतं. राहिलेली सैल-घट्ट लॉकवरच्या बारीक भोकांत दांडी पुढेमागे करून. चेन आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी शिरेल एवढी जागा ठेवली, कारण उन्हाळ्यात हात थोडा फुगतो. चावीचं घड्याळ हातावर असताना चावी द्यायची नाही, त्याने चावीचा दांडा तिरका ओढला जातो. म्हणून लॉक रोज उघडायचं, आणि म्हणून ते धडधाकट हवं. निघताना काकांनी चार कड्या आणि त्यांच्या पिना एका कागदी पुडीत घालून माझ्याऐवजी आजीच्या हातात दिल्या.

आपल्याकडे सगळं चालतं. सोळाच्या जागी अठरा चालतं, अठराच्या जागी सोळा चालतं. चालतं म्हणजे त्या दिवशी चालतं. सांधा मात्र भार पडला म्हणजेच कळतो आणि तोवर आपण दुकानातून पुष्कळ लांब आलेलो असतो. माझ्या आणि आजीच्या मधलाही एक सांधा त्या दोन आठवड्यांत असाच कुळकुळत होता. मी घाई केली असती तर घड्याळ नीट बसलं असतं आणि तो निसटला असता.

पुडी आजीच्या पेटीत आहे. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा आहे. आजी अधूनमधून त्याचं मनगट बोटांनी मापते आणि म्हणते, “अजून नाही.”