नजरेनं चालणं

माझं ऑपरेशन यशस्वी झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला चालताना पाहिलं की लोक परस्पर निकाल देऊन मोकळे होतात. ‘मणक्याला हात लावायलाच नको होता,’ असं माझ्यादेखत म्हणणारे नातेवाईक आहेत. एका लग्नात मामेसासूबाईंनी भर पंगतीत विचारलं, ‘काय गं, बिघडलं का ऑपरेशन?’

बिघडलं नाही. जे बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. मज्जारज्जू असतो जेमतेम करंगळीएवढा जाड. मानेच्या मणक्यांमधून त्याला जायला साधारण १७ मिलिमीटरची वाट असते. माझ्या मानेतल्या दोन चकत्या मागे सरकल्या, हाड वाढलं आणि ती वाट चेपत गेली. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर घरच्यांनी मला कधीच डॉक्टरकडे नेलं असतं. साताऱ्यात बँकेत कॅशियर होते मी. नोटा मोजताना दोन-दोन एकदम सुटायला लागल्या, ब्लाउजचे हूक लागेनात. मग एकदा राजवाड्याकडे भाजीला गेले असताना मागून एक भाजीवाली ओरडली, ‘ओ बाई, चप्पल राहिली की मागं!’ बघते तर एक पाय अनवाणी. चप्पल कधी निसटली, याचा पायाला पत्ताच नव्हता. तरीसुद्धा आधी बी-१२ची इंजेक्शनंच झाली.

पुढे एका डॉक्टरांनी माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली आणि माझा अंगठा आपोआप आत वळला. त्यांचा चेहरा बदलला. मग दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडता-मिटता येते ते मोजलं. धडधाकट माणसाची २० वेळा तरी होते. माझी फारच कमी भरली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर पांढरा डाग दिसला. सर्जननी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, ‘आणखी बिघडू नये म्हणून हे ऑपरेशन. गेलेलं परत येईल, असं मी म्हणणार नाही.’ गळ्याकडून चिरून त्या दोन चकत्या काढल्या, टायटॅनियमची पट्टी बसवली. बोटं बरीच सुधारली. पाय नाही सुधारले.

पाय लुळे नाहीत. जोर आहे, उलट जरा जास्तच ताठ आहेत. थंडीत सकाळी तर लाकडी होतात, बॅक्लोफेनची गोळी घेतल्याशिवाय पलंगावरून उतरत नाही. खरी अडचण निराळीच. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने जातात, ते माझे अधू झालेत. म्हणून मी डोळ्यांनी चालते. फरशी बघते, पाऊल बघते, मग टाकते. डोळे मिटले की जमीन गेली! तोंडाला साबण लावताना बेसिनला पोट टेकवून उभी राहते. आरतीला सगळे हात जोडून डोळे मिटतात, मी एका हाताने खांब धरते आणि देवाकडे टक लावून बघते. देवाला सवय झाली असावी. वीज गेली की जिथे असेन तिथे बसायचं, हा घरचा नियम. त्यात पट्टी बसवल्यापासून मान पूर्वीसारखी खाली जात नाही. बघायचं तर पायाकडेच आणि वाकायची नाही ती मानच, यावर मला अजून हसू येतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी मला भिंतीशी पावलाला पाऊल लावून चालवते. ‘काकू, समोर बघा, खाली नाही.’ तिला काय जातंय सांगायला! पण तिच्यामुळेच उंबरा ओलांडायचा धीर आला.

अपंगत्वाचा दाखला काढला. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतं. माझं तेवढं भरलं. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट होतंच, आता ७५ टक्के सूट मिळते. पण गाडीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याशी येते. तिकिटाचे सगळे पैसे घ्या आणि ती पायरी वीतभर खाली आणा, असं मला कंडक्टरला म्हणावंसं वाटतं. तो बिचारा हात देतो, खालून अहो आधार देतात आणि मागची रांग चुकचुकते.

काठी मी खुशाल वापरते. काठी दिसली की लोक जरा लांबून जातात. काठीशिवाय झोकांड्या देत निघाले की बघणाऱ्याच्या मनात भलतंच येतं.

परवा समोरच्या वहिनी आल्या होत्या. हाताला मुंग्या येतात, पोळ्या लाटताना लाटणं निसटतं. डॉक्टरकडे जायची भीती. ‘तुमचं बघून तर हिंमतच होत नाही हो ताई,’ म्हणाल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरला आणि मूठ उघडायला-मिटायला लावली. बाराच्या पुढे गेल्या नाहीत.

‘आज दुपारी मालिशवाली यायचीय मानेला,’ त्या म्हणाल्या.

‘तिला आत्ता फोन करा, येऊ नको म्हणावं. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, डॉक्टरांकडे.’