गेल्या आषाढाचे पाणी

फाल्गुन सरत आला म्हणजे अक्कलकुव्याकडून धडगावकडे व तेथून तोरणमाळच्या पठारापर्यंत चढत गेलेल्या सातपुड्याच्या रांगा इतक्या रखरखीत होतात, की येथे कधीकाळी पर्जन्य झाला असेल याचीही शंका यावी. ओढे आटतात, सागाची पाने गळून जातात, आणि तरीही नेमक्या त्याच दिवसांत निष्पर्ण सालई फुलावर येते, काटेसावर तांबड्या फुलांनी लगडते, आणि पुढे चैत्रात मोहाची रसाळ फुले पहाटे टपटप गळू लागली, की भिल्ल व पावरा कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात.

हा रस येतो कोठून? खोल उतरलेल्या मुळांचा त्यात वाटा आहेच. परंतु सालई आणि सावर यांची भिस्त त्यांच्या खोडावर असते. सालईचा कागदी पापुद्रा हलकेच सोलला की आत हिरवट, ओलसर थर लागतो, आणि त्याखालच्या मऊ, हलक्या लाकडाच्या पेशींत गेल्या आषाढाचे पाणी जमा असते. पाने गळाल्यामुळे बाष्पोत्सर्जनाचा खर्च थांबतो आणि त्या शिलकेवर वृक्ष फुलतो.

मोठ्या वृक्षांत हा जमाखर्च रोजचाही आहे. सूर्य वर आला की पाने प्रथम फांद्यांतले व खोडातले पाणी ओढतात, बुंध्याशी प्रवाह त्यामागून काही वेळाने सुरू होतो, दुपारपर्यंत खोडाचा घेर केसभर घटतो, आणि रात्री मुळांनी भरणा केला म्हणजे तो पूर्ववत होतो.

या डोंगरांत खोल भेगांच्या सालीचा ऐनही आहे. 2024 च्या मार्चमध्ये आंध्रातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात कोंडा रेड्डी लोकांच्या सांगण्यावरून वनाधिकाऱ्यांनी एका ऐनाची साल छेदली, तेव्हा आतून पाण्याची धार उसळली. गोदावरीकाठच्या त्या वनवासींना हे ठाऊकच होते; मात्र ती धार पाहण्याच्या हौसेने कोणी ऐनावर कुऱ्हाड चालवू नये.

सरकारी वखारीत सागाचा भाव गाभ्यावर ठरतो, बाहेरचे फिकट लाकूड कमअस्सल समजले जाते, आणि ओलावा हा तर दोषच. वस्तुतः वृक्षाचे पाणी चढते ते याच फिकट वलयातून. जाड बुंध्याचा जुना वृक्ष पाडून त्याच्या बदली रोपांची संख्या भरून दिली, तरी मनगटाएवढ्या खोडांत तेवढे पाणी मावण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. म्हणून तोडीच्या प्रत्येक परवान्यात घनमीटरांशेजारी या पाण्याचाही एक रकाना असावा, असे मला मनापासून वाटते.