धायटीची धार

फाल्गुनात डोंगरावर निघाले की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "आता काय आहे तिथे बघायला?" सह्याद्री म्हणजे पावसाळा आणि रानफुलं म्हणजे भाद्रपदातली पठारं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे होळीच्या सुमाराला जुन्नरच्या पश्चिमेला, दुर्गवाडीहून ढाकोबाकडे जाणाऱ्या धारेवर माणूस क्वचितच भेटतो. वाळलेलं गवत, पायाखाली घसरता मुरूम, डाव्या हाताला कोकणात कोसळणारे कडे. समोर, जरा उजवीकडे, जीवधन. नऊ वाजताच ऊन पाठीला लागतं.

पण या डोंगराचा वसंत हाच. तो पायाखाली शोधून सापडत नाही, फांद्यांवर बघावा लागतो. पावसाआधी बी तयार व्हायचं तर फुलायला हवं ते आत्ताच, ऐन कोरड्या दिवसांत. पळस, पांगारा, काटेसावर खालच्या उतारांवर पेटलेले असतात. कुंभ्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी त्यांच्या पांढऱ्या-गुलाबी केसरांच्या झिपऱ्या वाटेवर पडलेल्या असतात. कुसरीचा वास दिसण्याआधी येतो. आणि वर, जिथे वीतभरही माती उरलेली नाही तिथे, खडकाच्या फटीत मुळं रोवून धायटी उभी असते. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. काटक्यांना खालपासून वरपर्यंत लाल नळ्यांचे घोस.

माझे वडील या पट्ट्यातल्या एका शाळेत मास्तर होते. शेजारची मावशी हिरड्याच्या दिवसांत बाळहिरडा गोळा करायला रानात जायची आणि मी तिच्या मागे. हिरडा हे तिथल्या महादेव कोळी घरांचं मोठं उत्पन्न, धायटी त्यामानाने किरकोळ. तरी येता-जाता ती फुलं ओरबाडून ओच्यात टाकायची, अंगणात पोत्यावर वाळत घालायची आणि बाजारच्या दिवशी व्यापाऱ्याला विकायची. ओंजळभर फुलं वाळली की चिमूटभर होतात, त्यामुळे पोतं भरायला किती उतार पालथे घालावे लागत असतील याचा हिशेब मी पुढे मोठेपणी केला. तेव्हा माझं लक्ष मधावर. "आदी मुंगी झाड, मंग चोख," मावशी सांगायची. फूल देठापासून ओढायचं, बुडाकडून चोखायचं. जिभेवर गोड थेंब आणि मागून तुरट चव. आमच्या आधी शिंजीर येऊन गेलेला असला की नळी रिकामी.

पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा तेच फूल भिंगाखाली आलं. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची नळी, थोडीशी वाकलेली. आमच्या बाईंनी ब्लेडने ती उभी चिरली. लाल दिसते ती पाकळी नव्हे, तो निदलपुंज. खऱ्या पाकळ्या सहा, नळीच्या तोंडाशी बसलेल्या आणि इतक्या बारीक की सांगितल्याशिवाय दिसू नयेत. पुंकेसर बारा. पान उलटं केलं तर पाठीवर काळे ठिपके. बाईंनी कूळ सांगितलं आणि मला आपल्या गावच्या माणसाचे मोठे नातेवाईक कळावेत तसा आनंद झाला. धायटी मेंदीच्या कुळातली. ताम्हण, आपलं राज्यफूल, तेही त्याच कुळातलं. हल्ली डाळिंबही त्यातच धरतात.

पुढे मुलगी झाली आणि सासूबाईंनी दशमूलारिष्टाची बाटली आणून ठेवली. बाळंतिणीला ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. रात्री बाळाला थोपटताना सहज बाटलीवरची यादी वाचली तर दशमुळांच्या खाली धातकी. म्हणजे आमची धायटी! आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात. फुलांतल्या मधावर रानटी यीस्ट वाढलेलं असतं, ते गुळाच्या काढ्यात पडलं की काम सुरू करतं. ज्यांना यीस्ट हा शब्दही ठाऊक नव्हता त्यांनी हे फूल नेमकं हेरलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं. आणि त्या मावशीचंही. कुठल्या तरी उतारावरून कुणीतरी ओच्यात आणलेली फुलं किती बाळंतिणींपर्यंत पोचत असतील.

अलीकडे मात्र ही धार चालताना एक गोष्ट मनातून जात नाही. दुर्गादेवीच्या देवळाभोवती राई आहे. तिथे सावली इतकी दाट की दुपारीही गारवा. त्या राईत धायटी शोधून सापडत नाही. राई संपते, ऊन सुरू होतं, आणि तिथून लाल रंग सुरू होतो. धायटीला उघडा उतार लागतो. जंगल तुटलं, माती वाहून गेली, दरवर्षी वणवा फिरला की बाकीची रोपं मरतात, ही मात्र जळक्या बुंध्यातून पुन्हा फुटते. मग ती एकटीच उरते आणि डोंगर लालभडक दिसतो. ज्या देखाव्यासाठी मी इतकी वर्षं उन्हात येतेय, तो डोंगराने काय काय गमावलं त्याचा हिशेब आहे.

म्हणून धायटीवरची माया कमी होत नाही. उलट वाढते. उघड्या पडलेल्या मुरमाला धरून ठेवणारी तीच आहे, आणि भर उन्हाळ्यात शिंजिरांना आणि मधमाश्यांना तीच पोसते. राग येतो तो काडी लावणाऱ्यांचा. गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं उगवतं, ही समजूत जुनी आहे. शिवाय हल्ली नुसती गंमत म्हणून पेटवणारेही येतात. शेकोटी करून न विझवता खाली उतरणारे ट्रेकरही त्यातच आले.

वाटेवर एक टप्पा आहे. तिथे खालच्या वाडीतली मुलं काही वर्षं होळीच्या आधी गवताचा पट्टा कापून साफ करताहेत, म्हणजे आग आली तरी पलीकडे जाणार नाही. तिथे आता करवंदीच्या जाळ्या दाटल्यात, आणि जांभळाची, अंजनीची पोरं छातीएवढी झालीत. त्यांच्या मधे सापडलेली धायटी उन्हासाठी लांबुडकी वाढलीय, फुलंही मोजकीच. अजून काही वर्षं आग आली नाही तर या तुकड्यातून ती बहुधा जाईल. माझी हरकत नाही. खालच्या खडकांवर तिला जागा आहेच. यंदा पट्टा काढायला मीही जाणार आहे. कोयता काही मला नीट चालवता येत नाही, पण कापलेलं गवत ओढायला माणसं लागतातच, असं ती मुलं म्हणाली.