डागी पेरू

मागच्या आठवड्यात आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही फ्रूट सॅलड केलं. प्रत्येकानं घरून एक फळ आणायचं, विकतच आणलं पाहिजे असं नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं. थंडीचे दिवस, त्यामुळे टेबलावर पेरू, संत्री, बोरं, डाळिंबं, थोडी द्राक्षं, चार केळी आणि दोन सफरचंदं जमली. एक मुलगा मात्र हात पाठीमागे घेऊन उभा होता.

"सर, मेरा रैने दो."

त्याच्या हातात पेरू होता. एका बाजूनं डाग पडलेला.

मी बागवानाचा मुलगा. सोलापुरात अब्बांचा फळांचा गाडा होता. पहाटे लिलावातून माल आणायचा आणि रात्री उरलेला घरी. चांगलं फळ गिऱ्हाइकाचं, डागी फळ घरचं, हा आमच्या घरचा कायदा. अख्खं, निर्मळ संत्रं आम्ही भावंडांनी क्वचितच सोललं असेल.

1998 आणि 1999 चे रमजान डिसेंबरात सुरू झाले होते. सहाच्या सुमारास रोजा सुटायचा आणि दस्तरखानावर खजुराशेजारी अम्मीची फ्रूट चाट असायची. त्या डागी फळांचीच. तिची पद्धत मला आजही पाठ आहे. डागाच्या भोवतीचा गरही थोडा जास्त कापायचा. आतून वास आला तर अख्खं फळ बाजूला, तिथं मोह नाही. पेरू किंचित कडक असेल तो घ्यायचा, बियांचा मधला गर वेगळा काढायचा. बोरं आठळी सोडून कापायची, संत्र्याच्या फोडी सोलायच्या. एक संत्रं पिळण्यासाठी राखायचं. त्याचा रस सफरचंदावर लगेच शिंपडला की ते काळं पडत नाही. मग भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरपूड. केळं शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. काळं मीठ अगदी वाढताना, कारण मीठ लागलं की फळांना पाणी सुटतं. वरून डाळिंबाचे दाणे.

आणि सगळं हरभऱ्याएवढं बारीक. घरात आम्ही सात माणसं. "बारीक कापलं की सगळ्यांच्या चमच्यात सगळं येतं," ती म्हणायची. आम्ही त्याला बरकत म्हणायचो. फळं कमी होती हे मला फार उशिरा कळलं.

पुढे मी बी.एड.ला दुसऱ्या गावी गेलो. तिथं कुणी विचारलं तर मी सांगायचो, "वडिलांचा फळांचा व्यापार आहे." एकदा हिवाळ्यात अब्बा संत्र्यांची करंडी घेऊन एस.टी.नं आले. निवडून काढलेली, एकेक संत्रं कागदात गुंडाळलेलं. असली संत्री आमच्या घरात कधी आली नव्हती. फाटकाशी माझ्यासोबतच्या मित्रानं विचारलं, "कोण रे हे?" मी म्हणालो, "फळवाले आहेत."

खोटं काय होतं त्यात? पण त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. अब्बांनी ऐकलं असणार. ते एवढंच म्हणाले, "उप्पर के दो नरम हैं, वो पैले खाओ," आणि परतीची गाडी पकडायला गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. त्यांचा इंतकाल होऊन आता अकरा वर्षं झाली.

मी त्या मुलाचा पेरू हातात घेतला. म्हणालो, "मेरे अब्बा गाडे पे फल बेचते थे." इतकी वर्षं शिकवतोय, पण वर्गात हे वाक्य पहिल्यांदाच बोललो. मग अम्मीसारखा डाग कापून दाखवला. आतला गर पांढराशुभ्र. संत्र्यापेक्षा पेरूत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं, हेही सांगून टाकलं. मास्तरकी सुटत नाही. "इसकू क्या बोलते?" विचारल्यावर तो पुटपुटला, "जाम." मुलं हसली. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: घरच्या दखनीतला जाम, उर्दू पुस्तकातला अमरूद आणि मराठीतला पेरू. तिन्ही बरोबर. कुणाचेही मार्क कापायचे नाहीत.

सगळ्यांनी मिळून फळं बारीक कापली. परातीत गेल्यावर कुणाचा पेरू कुठला, ते ओळखणं शक्य नव्हतं. तो मुलगा दोनदा वाढून घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, "सर, आपके अब्बा का गाडा किधर लगता था?" मी जागा सांगितली. बोलताना आवाज जरा बसला, थंडीमुळे असेल.

2026 चा रमजान फेब्रुवारीत येतोय. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे ओढला जातो. 2030 मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा दोनदा सुरू होईल. म्हणजे पेरू-संत्र्यांची चाट पुन्हा दस्तरखानावर येणार. अम्मीला आता साखरेचा आजार आहे. तिच्या वाटीत केळं आणि चिकू टाकत नाही.

वर्गातली हकीकत मी तिला फोनवर सांगितली. फाटकापाशी मी काय बोललो होतो, तेही. ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "नमक आखिर में डाला ना?"