अर्धा लिहिला की फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

पत्र मिळालं. "मी ऑफिसात दिवसभर एक्सेलमध्ये बुडालेली असते, आता तू चौथीच्या लेकरांनाही त्यात ढकलतेस होय गं?" असा तुझा सवाल. ढकलते आहे खरी. पण ऐक तरी.

शाळेत एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि लाईट असली तर असली. त्यामुळे आमची निम्मी स्प्रेडशीट फळ्यावरच होते. विषय पोरांच्या पोटातला, खिचडीचा. पाचवीपर्यंतच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम, हे शालेय पोषण आहाराचं प्रमाण. फळ्यावर वर्गवार हजेरी मांडायची, शेजारच्या रकान्यात तांदूळ, खाली बेरीज. सगळं झालं की मी म्हणते, "अरे, दुसरीतली दोघं उशिरा आली की!" की हजेरी पुसा, तांदूळ पुसा, बेरीज पुसा. मग तिसरीतलं कुणी आजारी पडतं. डस्टर फिरवून पोरं वैतागली की लॅपटॉप उघडायचा. एक आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप हलली, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो हेडबाईंच्या खोलीपर्यंत जातो.

गंमत म्हणजे ज्या माणसाला हे सुचलं, त्यालाही फळ्यामुळेच सुचलं. डॅन ब्रिकलिन १९७८ साली हार्वर्डमध्ये शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे पाहून त्याच्या डोक्यात कल्पना आली. बॉब फ्रँकस्टनच्या साथीनं १९७९ मध्ये त्यानं व्हिसीकॅल्क आणलं. तुझ्या एक्सेलचे हे आजोबा.

खरा धडा पुढे आहे. पोरं आधी प्रत्येक सूत्रात १०० हाच आकडा लिहितात. मग मी सहावी-सातवीची खिचडी मांडायला सांगते. आता एकेका सूत्रात शिरून १०० चे १५० करत बसा! त्या खटपटीत कुणीतरी म्हणतंच, "बाई, त्यो आकडा एका घरात ठेवू या का? सगळ्यांनी तिथनंच घ्यायचा." सुनंदा, हे बीजगणित आहे गं. 'क्ष' न म्हणता पोरानं 'क्ष' मांडलेला असतो. सूत्र खाली ओढलं की त्या घराचा पत्ताही खाली सरकतो, म्हणून मग डॉलरचं चिन्ह घालून तो जागच्या जागी बांधायचा. हे मात्र पाचवीलाच दाखवते, चौथीला नाही. चौथीचा गोंधळ वेगळा असतो. वहीत बरोबरचं चिन्ह उत्तराच्या आधी येतं, इथे तर सुरुवातच त्यानं. त्यांना वाटत असतं, हे चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम. ती समजूत इथे सैल होते.

अपूर्णांकांनी मात्र धमाल उडवली. पोरीनं १/२ लिहिलं आणि पडद्यावर फेब्रुवारीची एक तारीख! यंत्राला अर्धा कळलाच नाही. आधी शून्य, मग मोकळी जागा, मग १/२ असं लिहिलं तर ऐकतं. पोरांना हसू नका म्हटलं, मोठमोठे शास्त्रज्ञही यात फसलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं अशा नावांसाठी नवे नियम जाहीर केले आणि जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा यंत्र बदललं नाही, नावं बदलली!

म्हणूनच पाढे सुटलेले नाहीत, तुझ्या आईला मुद्दाम सांग. उत्तराच्या शेजारी आमच्याकडे 'अंदाज' असा रकाना असतो, तो भरल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही. त्याच्या पुढच्या रकान्यात फरक. परवा एकाचे आजोबा आले होते. त्यांना सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. पोरांनी साडेतीननं गुणायचं सूत्र घालून औटकी केली आणि आजोबांना विचारलं, साती? "साडेचोवीस," सूत्र खाली ओढायच्या आत. त्यांच्या फरकाच्या रकान्यात खालपर्यंत शून्यं. बटण आधी आणि डोकं नंतर, असं शिकवायचं असेल तर लॅपटॉप कपाटातच बरा, हे माझं ठाम मत.

आता एक काम. तुझ्या टोरांटोचं जानेवारीतलं रोजचं सकाळचं तापमान महिनाभर लिहून पाठव. शून्याखालचे आकडे इथे माणदेशात मिळायचे नाहीत, आणि आलेखाचे खांब रेषेखाली लोंबतात ते पोरांना दाखवायचंय. फोटो नको, आकडे टाईप करूनच पाठव. तारखा मात्र नीट लिही.

तुझी,
मंदा