मांडवा ते चौल: आईच्या मापाची सायकल

चोंढीच्या नाक्यावर आईने सायकल थांबवली. खाली उतरली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी येते एसटीने."

मांडव्याहून निघून आम्हाला दहाएक किलोमीटर झाले होते. आईचं माहेर चौलला, म्हणजे अजून पंचवीसेक किलोमीटर पुढे. जानेवारीतली गार सकाळ, दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता बराचसा सपाट. कुठेच काही अडचण नव्हती. तरी ५४ वर्षांची माझी आई हार मानायला निघाली होती आणि वर म्हणत होती, "वय झालं गं आता. तू कशाला एवढा खर्च केलास?"

तो खर्च माझ्या पगारातून झाला होता, म्हणून जास्तच लागलं. आई लहानपणी चौलहून रेवदंड्याला शाळेत सायकलने जायची, या गोष्टी मी हजारदा ऐकल्या होत्या. लग्न होऊन ठाण्याला आली आणि सायकल सुटली. गेल्या वर्षी मी तिला गिअरची सायकल घेऊन दिली. तीन महिने ती रोज सकाळी सोसायटीत फेऱ्या मारत होती. मग ठरवलं, या वेळी माहेरी जायचं ते सायकलने.

समुद्रातून सायकलसकट

मुंबईहून अलिबागला सायकल न्यायची तर रो-रो बोट सगळ्यात सोपी. २०२० साली ही सेवा सुरू झाली. भाऊच्या धक्क्यावरून गाड्यांबरोबर सायकलीही चढवता येतात आणि साधारण तासाभरात बोट मांडव्याला लागते. रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ असा मोठा वळसा आणि अवजड वाहनांची गर्दी. आम्ही ठाण्याहून टेम्पोत टाकून सायकली धक्क्यावर आणल्या आणि बोटीच्या कठड्याशी उभं राहून चहा प्यायलो. आई खूप खुशीत होती.

मांडवा ते अलिबाग हे अंतर साधारण २० किलोमीटर. झिराड, चोंढी ही गावं वाटेत लागतात. चोंढीहून किहीमच्या किनाऱ्याकडे फाटा जातो. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास याच किहीममध्ये राहून सुगरण पक्ष्यांची घरटी आणि त्यांचा संसार बारकाईने पाहिला. मी आईला हे मोठ्या उत्साहाने सांगणार होते. पण आई गुडघा चोळत बसली होती आणि माझ्याही डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका केव्हाच बधिर झाली होती. मी भावाची सायकल आणली होती. तो माझ्याहून चांगला वीतभर उंच आहे.

कसंबसं मी आईला अलिबागपर्यंत यायला राजी केलं. "तिथून एसटी पकड, सायकलींचं मी बघते." आम्ही हळूहळू, थांबत थांबत अलिबाग गाठलं.

"वयाचं काही नाही त्यात"

सायकल ठेवायला जागा मिळते का हे विचारायला मी एका छोट्या दुकानात शिरले. टायर टांगलेले, पाण्याची घमेली, पंक्चरचं सामान. दुकानातले काका साठीच्या पुढचे. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग आईकडे.

"ताई, गुडघा पुढून दुखतो का मागून?"

"पुढून. वाटीच्या खाली."

"मग सीट खाली आहे. वयाचं काही नाही त्यात."

मी लगेच म्हटलं, "काका, सीट मीच खाली केलीय. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत ना, पडली तर?"

काका हसले. "बसल्याबसल्या दोन्ही पाय टेकतात म्हणजे सीट खालीच असणार."

त्यांनी आईला सायकलवर बसवलं, मागून सायकल धरली आणि एक पेडल अगदी खाली आणायला सांगितलं. "आता चवडा नको, टाच ठेवा पेडलवर." आईचा गुडघा चांगलाच वाकलेला होता. "टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा ठेवला, की गुडघ्याला थोडा बाक उरतो. तेवढाच बाक हवा."

सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटीवरचा दाब वाढतो. सोसायटीत पंधरा मिनिटं फिरताना ते कळत नाही, पण मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तरी तासाभरात एकेक गुडघा ३,६०० वेळा वाकतो. सीट गरजेपेक्षा वर गेली तर उलटं होतं. पेडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघा मागून दुखायला लागतो. म्हणून काकांचा पहिला प्रश्न "पुढून का मागून" हा होता.

त्यांनी सीट आधी थोडी वर केली, आईला गल्लीत एक चक्कर मारायला लावली, मग आणखी वर केली. एकूण आठेक सेंटिमीटर फरक पडला. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती त्यांनी मला दाखवली. "ही रेघ बाहेर दिसेपर्यंत दांडा कधी वर ओढायचा नाही. तुटतो."

मी मात्र अजून घाबरलेलीच. "आई, थांबताना काय करशील? पाय पोचणार नाहीत."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मी तुझ्या आजोबांच्या २४ इंची सायकलवर शिकले. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पेडल, मग दांडीवरून. माझे पाय जमिनीला कधी टेकलेच नव्हते."

ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. परत येताना ब्रेक दाबला, सीटवरून पुढे सरकून डावा पाय अलगद खाली टेकवला आणि उभी राहिली. कुणी शिकवायची गरज पडली नाही. थांबताना सीटवर बसून राहायचं नसतं, पुढे उतरायचं असतं. हे तिच्या पायांना चाळीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. पडायची भीती माझी होती आणि तिचा त्रास मात्र आईच्या गुडघ्याला होत होता.

माझी बोटं

"आता तुमची," काका मला म्हणाले. माझ्या सायकलची सीट पुढच्या बाजूला झुकलेली होती. मी सारखी घसरून पुढे येत होते आणि स्वतःला मागे ढकलायला तळहातांवर भार देत होते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते. तिच्यावर दाब आला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात.

काकांनी सीट सपाट केली. हँडलच्या वर दोन रिंगा होत्या, त्या काढून खाली टाकल्या. त्यामुळे हँडल थोडं वर आलं. ब्रेकचे दांडे इतके फिरवले, की बोटं त्यांच्यावर ठेवताना मनगट वाकणार नाही. मी विचारलं, "सीट आणखी पुढे घेतली तर हँडल जवळ येईल ना?"

"येईल, पण मग गुडघा बोलेल. सीट पायांसाठी लावायची, हँडल हातांसाठी."

फ्रेम मात्र मला मोठीच आहे. तिला काही इलाज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "ठाण्याला गेल्यावर हँडलचा पुढचा आखूड तुकडा मिळतो तो बसवा. नाहीतर भावाची सायकल भावाला द्या."

सगळं मिळून अर्धा तास लागला. पैसे विचारले तर त्यांनी चहाला लागतील एवढेच घेतले. एसटीचा विषय आईने काढला नाही. मीही काढला नाही.

नागाव, चौल

अलिबागमधून बाहेर पडण्याआधी आम्ही कुलाबा किल्ला लांबूनच पाहिला. भरती होती. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. याच गावात १९०४ सालची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून मोजमापात गडबड नको, यासाठी कुलाब्याहून ती इथे हलवली गेली. हे मी आईला सांगितलं तेव्हा या वेळी तिने नीट ऐकलं.

नागावपासून रस्ता अरुंद होतो आणि सावली दाट. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच विहीर, कुंपणावरून डोकावणारी जास्वंद. आई पुढे होती. सकाळी ती हँडलवर वाकून, गुडघे बाहेर फेकत पेडल मारत होती. आता खांदे सैल होते, कोपरांना थोडा बाक होता आणि पाय एका लयीत फिरत होते. मला तिला गाठायला गिअर बदलावा लागला.

चौलला मामा दारातच उभा होता. "ताई, खरंच सायकलने आलीस?" आईने आजोबांच्या सायकलबद्दल विचारलं, तर ती भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आई क्षणभर पडवीच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. त्याची सीट तशीही मला उंचच होती."

रात्री अंगणात मामीने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी घालून भोवती जाळ. रायगडमधल्या थंडीत ही मेजवानी चुकवू नये. पोपटी होईपर्यंत मी टेप घेऊन आईची सीट मोजली. आईच्या पायाची आतली लांबी ७२ सेंटिमीटर. तिला ०.८८३ ने गुणायचं, हा सायकलस्वारांचा एक प्रचलित हिशोब आहे. उत्तर येतं साधारण साडेत्रेसष्ट. काकांनी नुसत्या नजरेने लावलेली सीट होती ६३ वर.

घरी तपासून बघा

तुमच्या घरातही एखादी सायकल "पाठ दुखते", "गुडघा दुखतो" म्हणून गॅलरीत पडून असेल, तर ती विकण्याआधी एवढं करून बघा. एलन कीचा एक संच आणि धरायला घरातलं एक माणूस पुरेसं आहे.

• सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ. आकड्याने मोजायचं तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये एक पुस्तक घट्ट वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत तेवढं अंतर ठेवून सुरुवात करा.

• सीट पुढे-मागे: दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडला तर तो पेडलच्या मध्याच्या आसपास यावा.

• सीटचा कल: सपाट. पुढे झुकली तर हातांवर भार येतो, पुढून वर उचलली तर नाजूक जागी दाब येतो.

• सीटची रुंदी: बसताना जी दोन हाडं टेकतात त्यांना आधार मिळायला हवा. बायकांमध्ये या हाडांतलं अंतर बहुधा जास्त असतं. सीट खूप मऊ असली म्हणजे आरामाची असेलच असं नाही. लांबच्या प्रवासात ती दबून टोचायला लागते.

• हँडल: ते धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. हात ताणले जात असतील किंवा मान वर करून दुखत असेल, तर हँडल वर किंवा जवळ घ्यायला हवं.

जुनी जागा चिकटपट्टीने खूण करून ठेवा. सीट फारच चुकलेली नसेल तर एका वेळी एकच बदल करा, तोही पाचेक मिलिमीटरचा, आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. सगळं करूनही दुखणं राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.

कोर्लईपर्यंत आणि पुढे

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला परतणार होतो. सकाळी सहाला आईने मला हलवून उठवलं. "काशीदपर्यंत जाऊन येऊ या का?"

रेवदंड्यात पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आतून गाव वसलंय. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानात उतरला तो याच चौलच्या बंदरात. पुढे कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल लागला. पुलावर वारा समोरून येत होता. उजवीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला दिसत होता. कोर्लईतले काही जण आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. आईच्या वर्गात तिथल्या दोन मुली होत्या. त्या आपसात काय बोलतात ते कुणालाच कळायचं नाही, हे सांगताना ती अजूनही थोडी चिडते.

कोर्लईनंतर रस्त्याला चढउतार आहेत. पहिल्या मोठ्या चढावर मी उतरून सायकल हातात घेतली. आईने गिअर हलका केला आणि बसल्या जागेवरून, न थांबता वर गेली. वर पोचून तिने मागे वळून पाहिलं, पुढे सरकून एक पाय टेकवला आणि माझी वाट बघत उभी राहिली.

मी धापा टाकत पोचले. विचारलं, "गुडघा?"

"कुठला?" आई म्हणाली आणि उतारावर निघून गेली.