देव पावला म्हणजे काय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठवाड्यात 'देव पावला' हे शब्द फार सहज बोलले जातात. पाऊस वेळेवर आला, सोयाबीनला भाव मिळाला, मुलीचे लग्न जमले, मुलाला नोकरी लागली, की देव पावला! यात जातीधर्माचा भेद नाही. आम्ही ख्रिस्ती, पण माझ्या आजीच्या तोंडीही हेच शब्द असत. नवस आमच्यात बोलत नाहीत. तरी देवाजवळ मागायचे, मिळाले तर आभार मानायचे आणि नाही मिळाले तर आपलेच काहीतरी चुकले असे समजायचे, ही रीत आमच्याही घरी होतीच.

पण ज्याला देव पावत नाही त्याने काय समजावे? त्याची श्रद्धा खोटी म्हणावी काय? आणि देवाला संतोषविणे म्हणजे तरी नेमके काय करणे? गेली दोन वर्षे हे प्रश्न माझ्या मनात आहेत. मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही. घरात जे पाहिले आणि नंतर जे वाचले, तेवढेच येथे लिहीत आहे.

आमचे घर लातूरचे. आजोबा गवंडी होते, बाबाही गवंडी. आई शिवणकाम करते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रविवारी सकाळी चर्च आणि रात्री जेवणाआधी सर्वांनी मिळून प्रार्थना, हा आमचा नेम. बाबा मुळात अबोल. पवित्र शास्त्र वाचताना ते ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतात. विटांचा थर लावताना जशी घाई करीत नाहीत, तशीच येथेही करीत नाहीत.

२०१६ साली मी चौथीत होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि नळाला महिनोन्‌महिने पाणी नव्हते. आमच्या मंडळीत दर रविवारी पावसासाठी प्रार्थना होई. पाऊस काही आला नाही. मात्र १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी! त्या रात्री प्रार्थनेनंतर मी बाबांना विचारले, "आपण पाऊस मागितला होता ना? मग रेल्वे कशी आली?" बाबा म्हणाले, "पाऊस नसंल दिला देवानं, पर मिरजेच्या लोकाला पाणी द्यायची बुद्धी तर दिली की." तेव्हा हे उत्तर मला पुरेसे वाटले. मुलांना उत्तर लवकर पुरते.

दोन वर्षांपूर्वी मी बारावीत असताना बाबा दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली पडले. मांडीचे हाड मोडले आणि कमरेलाही मार बसला. शस्त्रक्रिया झाली, सळई घातली. सहा महिन्यांत चालतील असे वाटत होते. ते चालू लागले, पण काठी घेऊन. आणि एक पाय कायमचा आखूड राहिला. परांचीवर चढायचे दिवस संपले.

त्या दिवसांत मंडळीतील लोकांनी आम्हांला फार आधार दिला. कोणी धान्य आणून दिले, कोणी रात्री दवाखान्यात थांबले. हे उपकार मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी घरी प्रार्थनाही होत असे. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी बाबांच्या पायावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. "पूर्ण विश्वास धरा, पाय सरळ होईल," असे ते म्हणाले. आईने दर शुक्रवारी उपास धरला. तीन महिन्यांनी तेच गृहस्थ पुन्हा आले. पाय तसाच होता. पायाकडे पाहून ते म्हणाले, "विश्वास कमी पडला. घरात काही पाप लपून राहिले आहे का, ते शोधा."

हाड मोडल्याचे दुःख आम्ही सोसले होते. पण हे वाक्य सोसणे कठीण गेले. आई रात्र-रात्र जागून आपल्या आयुष्यातले काय काय आठवीत बसे. बाबा काहीच बोलले नाहीत. मात्र पुढच्या रविवारपासून त्यांनी चर्चला जाणे सोडले. पाय दुखतो, एवढेच कारण सांगत. पण आम्हांला ठाऊक होते, ते जे दुखत होते ते पायात नव्हते.

बारावीनंतर आत्या मला नांदेडला घेऊन आली. ती येथे एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या घरी राहून मी शिकते आहे. इतिहासाच्या तासाला एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेचा भाग शिकविताना सरांनी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. शारदा सदन, ११ मार्च १८८९, मुंबई, अशी वहीत नोंद झाली. परीक्षेला तेवढे पुरले असते. पण ग्रंथालयातून त्यांचे चरित्र आणले आणि ते मी दोन रात्रींत वाचून काढले.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकविले. सारे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत पुराणे सांगे, व्रते करी, दानधर्म करी. तरीही दुष्काळात उपासमारीने आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे १८८० साली भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावरून केवढे वादळ उठले, हे आपण सर्वांनी अभ्यासलेच आहे. येथे तो वाद उकरून काढायचा नाही. मला पाहायचे होते ते एवढेच, की इतके सोसलेली ही बाई पुढे विश्वासाने जगली म्हणजे नेमके काय करीत होती?

त्याचे उत्तर मला केडगावात मिळाले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या या गावी रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावली. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. एवढ्यांना खायला कोठून घालायचे, याची तरतूद हाती नव्हती. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांसाठी मदतीचे वचन दिले होते. ती मुदतही १८९८ मध्ये संपत होती. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी ठरावीक उत्पन्नाशिवाय, केवळ देवावर भरवसा ठेवून अनाथालये चालविली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि तोच मार्ग धरला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर 'मुक्ती'त राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण भरवसा ठेवून त्या हात जोडून बसल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शेती होती, दूध-दुभते होते, विणकाम होते, छापखाना होता. अंध स्त्रियांसाठी ब्रेलचे शिक्षण होते. प्रार्थना आणि कुदळ, दोन्ही एकाच दिवसाची कामे होती. खणायला लागताना पाणी दिसत नसते. दिसत असते तर खणण्याला विश्वास कशाला लागला असता?

आणि अशा बाईच्या सगळ्या प्रार्थना फळाला आल्या काय? नाही. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी आणि उजवा हात असलेली मनोरमा त्यांच्या हयातीतच वारली. रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावे ही त्यांची तळमळ. त्या दुःखातही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. 'मुक्ती'तील स्त्रियांनी छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. लेखिकेने ते पूर्ण छापलेले पाहिले नाही.

घरात कोणी मेले किंवा आजारी पडले म्हणजे विश्वास कमी पडला, असा नियम असेल तर रमाबाईंना कोणत्या रांगेत उभे करायचे?

मग मी शास्त्रही नव्याने वाचू लागले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आमच्यात सर्वांना ठाऊक असतो. विश्वासावाचून देवाला संतोषविता येत नाही, हा विचार त्यातलाच. विश्वासाने समुद्र ओलांडलेल्यांची, तट पाडलेल्यांची नावे त्यात आहेत आणि ती आम्ही मोठ्या आवाजात वाचतो. पण त्याच अध्यायाच्या शेवटी दुसरेही लोक आहेत. त्यांना फटके बसले, ते तुरुंगात पडले, कातडी पांघरून रानोमाळ भटकले, मारले गेले. वचन दिलेले त्यांच्या हाती आले नाही. तरी त्यांच्याही विश्वासाची साक्ष तितकीच चांगली आहे, असे पत्र सांगते. आणि खुद्द ख्रिस्त? गेथशेमानेच्या बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला होता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

गेल्या नाताळात घरी गेले तेव्हा बाबांना मी लूकच्या शुभवर्तमानातला एक भाग वाचून दाखविला. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे समजू नका, असे येशू तेथे सांगतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले.

त्यानंतर बाबा किल्लारीविषयी बोलू लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे नवी गावे वसली तेव्हा आजोबा तेथे कामाला होते आणि बाबा सुट्टीत त्यांच्या हाताखाली जात. "तवाबी लोक म्हणायचे, देवाचा कोप झाला, पाप भरलं," बाबा म्हणाले. "तुझा आजा म्हणायचा, पाप काय फक्त किल्लारीतच होतं का? दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती, रचल्या मातीत, अन् वर माळवदाचं वजन. हादरा बसल्यावर त्या राहतील कशा? देवाचं नाव कशाला घ्यायचं?" थोडे थांबून म्हणाले, "परांचीचा दोर कुजका होता. मी पडलो. एवढंच हाय ते."

आई शिवणयंत्रावर बसली होती. यंत्र थांबले. तिने पदर डोळ्यांना लावला. घरात लपलेले पाप शोधण्याचे काम त्या दिवशी संपले.

बाबा आता एका बांधकामावर मालाचा हिशेब ठेवतात आणि नव्या पोरांना ओळंबा धरायला शिकवितात. मजुरी पूर्वीपेक्षा कमी मिळते. आईला रात्री उशिरापर्यंत ब्लाऊज शिवावे लागतात. धाकटा भाऊ नववीत आहे. त्याच्या शिक्षणाचे कसे, हा प्रश्न आहेच. देव पावला असे म्हणण्यासारखे काही घडलेले नाही. तरी बाबा पुन्हा चर्चला जाऊ लागले आहेत. मागच्या बाकावर, काठी बाजूला ठेवून बसतात. आईने एकदा त्यांना विचारले, "आता काय मागता?" बाबा म्हणाले, "मागत नाही. संध्याकाळी मालकाला काम दाखवावं तसं दाखवतो. आज एवढं केलं. भिंत सरळ हाय का बघ म्हणतो."

देवाला संतोषविणे म्हणजे काय, याचा याहून सोपा अर्थ मला कोठे वाचायला मिळाला नाही. तो केवळ ख्रिस्ती माणसालाच कळतो असेही नाही. माझ्या मैत्रिणीचे वडील दर आषाढीला पंढरीला पायी जातात. विठ्ठलाजवळ काय मागता, असे विचारले तर हसतात. येथे नांदेडच्या गुरुद्वारात लंगरची भांडी घासणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या तोंडावर कोणत्याही सौद्याचा भाव नव्हता. प्रत्येकाची वाट निराळी आहे. माझी ख्रिस्ताची आहे आणि ती मला प्रिय आहे. पण देवाशी व्यापार नको, एवढे मात्र सगळ्या वाटांवरची शहाणी माणसे जाणत असावीत.

याचा अर्थ मागूच नये असा नाही. मी मागते. बाबांचा पाय बरा व्हावा असे अजूनही रोज मागते. फक्त मिळाले नाही तर त्याचा दोष बाबांच्या पदरात टाकणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या दुःखाच्या दारात उभे राहून त्याचा विश्वास मोजणार नाही. आत्या म्हणते, दवाखान्यात खाटेवरच्या माणसाला आधी पाणी द्यायचे असते. ते मला पटते.

नांदेडहून लातूरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर केडगाव लागते. रमाबाईंची 'मुक्ती' आजही तेथे आहे. परीक्षा संपल्यावर बाबांना घेऊन तेथे जायचे ठरविले आहे. भाड्याचे पैसे आईने डब्यात वेगळे ठेवायला सुरुवात केली आहे. रमाबाईंचे चरित्र मी बाबांना थोडे थोडे करून फोनवर वाचून दाखविते. सारे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली: त्या विहिरी अजून असतील का, आणि त्यांचे बांधकाम दगडाचे आहे की विटांचे?